वेदना एक, क्रमांक दोन

दलित साहित्याच्या चर्चेत 'वेदना' हा शब्द इतक्या वेळा आला आहे की तो आता पारिभाषिक होऊन बसला आहे. वेदना, नकार, विद्रोह ही त्रयी आमचे विद्यार्थी परीक्षेत घोकून लिहितात. परंतु हीच वेदना रात्री दोन वाजता अकोल्यातल्या एखाद्या वस्तीतील माणसाच्या छातीवर बसते आणि त्याला जगणे नकोसे होते, तेव्हा तिला कोण ऐकतो? कोणत्या भाषेत ऐकतो? ऐकल्यानंतर तिची नोंद कोणत्या रकान्यात करतो? आपल्या समीक्षेने हे प्रश्न फारसे विचारलेले नाहीत. प्रस्तुत लेखात ते विचारायचे आहेत.

या देशात आज दोन सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. पहिला १४४१६. तो 'टेली-मानस' या सेवेचा. आरोग्य खात्याने ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केली. दुसरा १४५६६. तो अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांविरुद्धच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा. सामाजिक न्याय खात्याने ती १३ डिसेंबर २०२१ रोजी सुरू केली. दोन्ही क्रमांक मोफत आहेत, दोन्ही दिवसरात्र चालण्यासाठी आहेत. दोन्हींची गरज आहे, याविषयीही दुमत नाही. परंतु या दोन क्रमांकांच्या मधोमध एक माणूस उभा आहे, त्याचा विचार झालेला नाही.

समजा, दर्यापूर तालुक्यातील एक मजूर बाई आहे. मजुरीचे पैसे मागितले म्हणून तिला चारचौघांत जातीवरून बोलले गेले. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर बोलावणे बंद झाले. महिनाभर झोप नाही, अन्न गोड लागत नाही आणि मनात नको ते विचार येतात. तिने कोणता क्रमांक लावावा? १४४१६ लावला तर तिचे दुःख मनाचे ठरते. १४५६६ लावला तर ते कायद्याचे प्रकरण ठरते. पहिल्या ठिकाणी 'झोप कधीपासून नाही?' असे विचारतील, दुसऱ्या ठिकाणी 'घटना कोणत्या तारखेची?' असे. दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण ती बाई दोन नाहीत, तिची वेदनाही दोन नाहीत. शासनाने खात्यांची जी वाटणी केली, तीच वाटणी तिने आपल्या काळजाचीही करावी, अशी ही अपेक्षा आहे.

फोनवरचे काम

हे काम नीट समजून न घेता त्यावर टीका करणे अन्यायाचे होईल. संकटात सापडलेल्या माणसाने फोन करावा आणि पलीकडे कोणीतरी ऐकायला असावे, ही कल्पना लंडनमध्ये १९५३ साली चॅड व्हॅरा या धर्मोपदेशकाने प्रत्यक्षात आणली. पुढे ती जगभर पसरली. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही सेवा सुरू केली. टेली-मानसमध्ये पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक असतात. प्रश्न गंभीर असेल तर दुसऱ्या पायरीवर मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सक मानसशास्त्रज्ञ आणि जिल्ह्याची मानसिक आरोग्य यंत्रणा असते.

फोनवरच्या चिकित्सकाला रोग्याचा चेहरा दिसत नाही. आवाज, श्वास, मध्येच पडलेली शांतता आणि मागून येणारे आवाज एवढ्यावर त्याला काम करावे लागते. माणूस एकटा आहे की घरात कोणी आहे, तो प्यायलेला आहे का, हे तो हळूहळू काढून घेतो. मग तो सरळ विचारतो, 'जीव द्यावा असे मनात येते का?' असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला गैरसमजच म्हटले आहे. उलट सरळ विचारल्याने माणसाचा कोंडलेला श्वास मोकळा होतो. त्यानंतर जिवाला धोका होईल अशी वस्तू जवळ आहे का, हे पाहायचे. खेड्यात याचा अर्थ बहुधा फवारणीचे औषध घरात आहे का, असा असतो. असल्यास ते शेजाऱ्याच्या किंवा भावाच्या ताब्यात द्यायला लावायचे. रात्रीपुरते कोणाला जवळ बोलावता येईल आणि सकाळी कोणत्या दवाखान्यात जायचे, हे ठरवायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारपूस करायची. यात कोणताही चमत्कार नाही. मरणाची तीव्र ओढ पुष्कळदा लाटेसारखी येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत माणसाला धरून ठेवणे हेच हे काम.

वऱ्हाडात या कामाचे मोल अधिक आहे. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत त्यांपैकी एकही नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. खारपाणपट्ट्यातल्या गावाहून जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. फोनला भाडे लागत नाही, हे खरे.

पण आमच्या वस्तीत फोनचीही अडचण आहे. घर एका खोलीचे, फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. बाईला मन मोकळे करायचे तर रात्री घराबाहेर, अंधारात जाऊन बोलावे लागते आणि नंतर लावलेला क्रमांक पुसून टाकावा लागतो. ज्याला स्वतःची खोली आहे, त्याच्यासाठी 'गोपनीयता' हा हक्क असतो. ज्याला ती नाही, त्याला ती चोरून मिळवावी लागते.

आणखी एक भीती पोलिसांची. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट वस्तीत मुद्दाम सांगावी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ ने असे मानले की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. तिला शिक्षा नव्हे, शासनाकडून काळजी व उपचार मिळाले पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे ३०९ कलम राहिलेले नाही. त्याच २०१७ च्या कायद्याचे कलम १८ सांगते की, मानसिक आरोग्यसेवा देताना जातीवरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे कायदा 'जात' हा शब्द उच्चारतो. तो उच्चारायला कचरते ती आपली सभ्यता.

उपदेश आणि कान

या कामाला मराठीत 'समुपदेशन' म्हणतात. शब्दाकडे थोडे निरखून पाहावे. त्याच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. काम ऐकण्याचे आणि नाव उपदेशाचे! आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांना उपदेशाची कधीच वाण पडली नाही. काय खावे, काय नेसावे, किती दुरून चालावे, मागच्या जन्मीचे काय फेडावे, हे सारे आम्हाला वरून सांगितले गेले. वाण होती ती ऐकून घेणाऱ्याची. ज्या परंपरेत गौतम धर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानाला भयंकर शिक्षा सांगितली, त्या परंपरेत शूद्राचे, अतिशूद्राचे कोणी ऐकून घ्यावे, हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. म्हणून फोनच्या पलीकडे बसलेला कान ही आमच्या दृष्टीने केवळ वैद्यकीय सोय नाही. तो ऐकून घेतले जाण्याचा हक्क आहे.

वऱ्हाडाला ऐकण्याची परंपरा नाही असे नाही. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तराची वाट पाहत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढीत. तेही लोकांच्या बोलीत. बोलणाऱ्याला आपल्या तोंडूनच आपले शहाणपण सापडावे, ही ती रीत. समुपदेशनाचे शास्त्र ज्याला आज कौशल्य म्हणते, ते या निरक्षर माणसाने झाडू हातात घेऊन करून दाखविले. प्रशिक्षणाच्या पुस्तकांना पाश्चात्त्य नावे चालतात. मग गाडगेबाबांचे का चालू नये?

भाषेचा प्रश्नही असाच आहे. मूर्तिजापूरकडचा माणूस 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. तो म्हणतो, 'जीवाले गोड नाई वाटत', 'काई सुचून नाई राह्यलं', 'डोकं जड झालं'. म्हातारी बाई तर दुःखाचे नावच काढणार नाही. ती गुडघे दुखतात म्हणून सांगेल, सून बोलत नाही म्हणून सांगेल. ऐकणाऱ्याला ही बोली कळली नाही तर तो गुडघ्याची गोळी सुचवून फोन ठेवील. सेवेत मराठी आहे एवढ्याने भागत नाही. कोणती मराठी, हे विचारले पाहिजे. उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी १९६० साली आली. तिच्यातली कौतिक आपले हाल वऱ्हाडीत बोलते. तिच्या बोलण्यात भाकर, मजुरी, पोरे आणि नवऱ्याचे दुखणे वेगवेगळे काढता येत नाही. असली संवादरचना वाचलेला विद्यार्थी फोनवर अधिक चांगला कान ठरेल, असे मला वाटते. भाषाशिक्षकाने एवढा दावा करायला हरकत नसावी.

माझी एक माजी विद्यार्थिनी अशा एका फोनसेवेवर काम करते. सेवेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तिचे वडील हमाल, घरात पदवी घेणारी ती पहिलीच. माझ्या घरात मी पहिला होतो तसा. तिने सांगितलेली गोष्ट अशी. एका रात्री फोन आला. माणूस शेतीवाला, आवाजात रडू दाबलेले. चार वाक्ये बोलला आणि मध्येच थांबून विचारता झाला, 'ताई, तुमचं आडनाव काय?' सेवेत आडनाव सांगायचे नसते. ती म्हणाली, 'दादा, आडनाव राहू द्या. मी तुमचंच ऐकायला बसली आहे.' पलीकडे बराच वेळ शांतता. नंतर तो चाळीस मिनिटे बोलला. जगण्याची आशा तुटत आलेल्या घटकेलाही त्या माणसाला आधी ऐकणाऱ्याची जात हवी होती. ज्याच्या आजोबांच्या ओसरीवर तिच्या आजीला पाय ठेवता आला नसता, त्याचा जीव या मुलीने त्या रात्री सांभाळला. तिने ही गोष्ट अभिमानाने सांगितली नाही, तक्रार म्हणूनही नाही. 'सर, माझं ऐकायला तिथे कोणी नसतं,' एवढेच ती शेवटी म्हणाली. आरोग्य अभियानातील अशी पदे सर्वसाधारणपणे कंत्राटी असतात. दुसऱ्याच्या मरणाची ओढ रात्रभर ऐकणाऱ्याच्या मनाची मशागत कोण करणार, याचे उत्तर कंत्राटात लिहिलेले नसते.

कोणाचे दुःख पात्र?

वऱ्हाडात दुःखाची मोजणी पूर्वीपासून होते. २००६ च्या शासननिर्णयानुसार आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपये देण्यासाठी कसोट्या ठरल्या. जमीन, कर्ज, वसुलीचा तगादा. मग प्रकरण 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. दुःख पात्र आणि दुःख अपात्र! ज्याच्या नावावर सातबारा नाही तो या यादीत येतच नाही. भूमिहीन मजूर येत नाही. आयुष्यभर शेतात राबूनही नाव नसलेली बाई येत नाही.

२०१५ साली राज्याने अमरावती, अकोल्यासह विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. १०४ क्रमांकावर समुपदेशन आणि आशाताईंमार्फत घरोघर विचारपूस, असे त्याचे स्वरूप. उपक्रम स्तुत्य होता. पण त्याचे अधिकृत नावच 'शेतकरी समुपदेशन' असे आहे. शेतमजूर नावात नाही. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ सालचे आकडे पाहा. शेतीक्षेत्रातील ११,२९० आत्महत्यांपैकी ५,२०७ शेतकरी होते आणि ६,०८३ शेतमजूर. त्या वर्षी देशातील एकूण आत्महत्यांत रोजंदारीवर जगणाऱ्यांचा वाटा २६.४ टक्के, म्हणजे सर्व गटांत सर्वाधिक होता. या वार्षिक अहवालात व्यवसायाचा तक्ता असतो, शिक्षणाचा असतो, उत्पन्नाचा असतो. जातीचा तक्ता नसतो. ज्या देशात जन्मापासून स्मशानापर्यंत जात विचारली जाते, तेथे मरणाच्या कारणात मात्र ती विचारली जात नाही.

शेतकऱ्याचे दुःख खोटे आहे असे येथे मुळीच सुचवायचे नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ने २००२ साली ते मराठी वाचकापुढे ठेवले आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे उचितच झाले. प्रश्न एवढाच की, जमीन ज्याची त्याचे दुःख 'कृषिसंकट' होते आणि जमीन ज्याची नाही त्याचे दुःख 'दारू', 'घरगुती कारण' किंवा 'मानसिक आजार' या नोंदीखाली जाते.

मी आणि आम्ही

येथे आपल्या साहित्याचा धडा उपयोगी पडतो. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ सालचे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. या आत्मकथनांनी 'मी' म्हणत 'आम्ही' सांगितले. बेबीताईंनी तर शीर्षकातच 'आमुचं' म्हटले. दुःख माझ्या नशिबाचे, माझ्या स्वभावाचे किंवा माझ्या मेंदूचे नाही, त्याला बाहेर कर्ता आहे, हे या लेखनाने सिद्ध केले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांविषयी प्रश्न उपस्थित केला. जगणे हेच दुःख असेल तर माणसाला आशा कोठून? दुःख अटळ मानले की अन्यायही अटळ ठरतो, हे त्यामागचे मर्म मला दिसते.

फोनवरचे शास्त्र याच्या उलट दिशेने चालते. ते 'आम्ही'तून 'मी' वेगळा काढते. तुमचा ताण, तुमची झोप, तुमचे विचार. अन्यायाचे नाव 'ताण' झाले की अन्याय करणारा सुटतो आणि सोसणाराच रोगी ठरतो. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. अशा वेळी 'विद्यार्थ्यांनी ताण सहन करायला शिकावे' असे बोलणारे प्राध्यापक आपण सर्वांनी पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृतिदल नेमण्याचा आदेश दिला, तो अशाच मृत्यूंच्या संदर्भात. त्या आदेशात जातीय भेदभावाचा उल्लेख आहे.

परंतु आता आपल्याकडेही बोट वळवले पाहिजे. जो माणूस आत्ता, या क्षणी कडेलोटावर उभा आहे, त्याला 'तुझे दुःख व्यवस्थेचे आहे' असे व्याख्यान देणे हाही उपदेशच होय. त्या घटकेला त्याला 'मी' म्हणूनच धरावे लागते. आपल्या चळवळीने हे काम क्षुद्र मानले. कार्यकर्ता मोर्चात पुढे असेपर्यंत तो वाघ. त्याची झोप उडाली, तो दारूकडे वळला, घरात बोलेनासा झाला की आपण म्हणतो, 'खचला बिचारा.' दवाखान्यात जाणे ही शरणागती आणि रडणे ही दुर्बलता, असा एक पुरुषी समज आपण जोपासला. वेदनेचे सौंदर्यशास्त्र आपण लिहिले, पण वेदना सोसणाऱ्या शेजाऱ्याच्या दारावर थाप मारली नाही. गेल्यानंतर त्याचे फलक लावले. हा दोष प्रस्थापितांवर ढकलता येणार नाही.

किसागोतमीची दारे

किसागोतमीची कथा आपण विहारात ऐकतो. मेलेले मूल कडेवर घेऊन ती बुद्धाकडे आली. त्याने तिला उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहऱ्या आण, म्हणून घरोघर पाठविले. दारोदार फिरताना प्रत्येक घराचे दुःख तिने ऐकले आणि तिचे दुःख एकटे उरले नाही. पण ही किसागोतमी वऱ्हाडातल्या गावात असती तर? किती दारांवर तिला थांबता आले असते? १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या दारासाठी सत्याग्रह उभारावा लागला, त्या मुलुखात एका अस्पृश्य बाईला मूठभर मोहऱ्यांसाठी गावभर फिरता आले असते का? दारे वेगळी, म्हणून दुःखेही वेगळी राहिली. फोनला उंबरठा नाही, ही त्याची मोठी शक्ती आहे. पण आडनाव विचारणारा माणूस तेथेही उंबरठा शोधतो, हे आपण वर पाहिले.

दार उघडता येते याचा पुरावा अमरावती जिल्ह्यातच आहे. 'विश्राम' या प्रकल्पाने जिल्ह्यातील ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर बोलणे सुरू केले. त्यांच्या पाठीशी समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ ठेवले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात त्याचा अहवाल आला. नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे फोनच्या जोडीला गावात चालते-बोलते माणूस हवे. ते माणूस वस्तीतही जाणारे हवे, वस्तीतूनही आलेले हवे.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत. १४४१६ वर ऐकणाऱ्याला जातीचा छळ ओळखण्याचे शिक्षण द्यावे. बोलणाऱ्याची संमती असेल तर ते कारण नोंदीत जातीच्या नावाने लिहावे आणि तेथूनच १४५६६ शी त्याला जोडून द्यावे. १४५६६ वर तक्रार घेणाऱ्याने तारीख-वार विचारण्याआधी 'आज रात्री तुमच्याजवळ कोण आहे?' असे विचारायला शिकावे आणि गरज पडल्यास १४४१६ शी जोडून द्यावे. वऱ्हाडी जाणणारे ऐकणारे नेमावेत. त्यांना कायम नोकरी द्यावी आणि त्यांचेही ऐकणारा कोणी असावा. शासकीय योजनेच्या नावात शेतकऱ्याबरोबर शेतमजूर यावा.

शासन करील तेव्हा करील. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत, वसतिगृहांत, विहारांत हे दोन्ही क्रमांक एकाच फलकावर, शेजारी शेजारी लिहायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ भाषण न करता नुसते ऐकण्यासाठी विहारात बसायलाही लागत नाही. कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी एवढे या महिन्यापासून सुरू करावे.